खिंडीतलं गाऱ्हाणं

माझ्या सासूबाई, तारकर्लीच्या माई, परक्या गावाच्या वेशीवर हात जोडल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसत. चालती रिक्षाही थांबवायला लावायच्या. "कोणाच्या घरात आपण इचारल्याशिवाय शिरतंव काय?" असं म्हणायच्या. सासरे गेल्यावर घरचं गाऱ्हाणंही त्याच घालत. त्या देवाला एकेक गोष्ट सांगणार आणि आम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणणार. एकदा म्हटलं की शब्द दिला. त्यात माईंकडे सूट नव्हती.

आम्ही कॅनडात असताना माई आमच्याकडे आल्या, तेव्हा माझा नवरा मंगेश आम्हा दोघींना उत्तरेकडच्या डोंगरात घेऊन गेला. शंभरावर वर्षांपूर्वी सोन्याच्या वेडापायी हजारो माणसं त्या वाटेनं खिंड चढली होती. त्यांचे फाटके बूट, गंजलेली भांडी अजून तिथे पडलेली. ती बघून माई म्हणाल्या, "ह्येंच्या आवशी वाट बघीत रवल्या असतील." त्या पोरांच्या आयांचा विचार करत मी मंगेशकडे बघितलं.

मंगेशच्या हृदयात आदल्याच वर्षी स्टेंट बसवला होता. खिंडीखाली धुकं उतरलं, बर्फावर पाय सरकू लागले. तो सारखा थांबत होता, छाती चोळत होता, ओठ काळेनिळे पडले होते. मी रडकुंडीला येऊन परत फिरायला सांगितलं.

"येडी आसस काय? आता इलंवच की!" खिंड जवळ आली म्हणून तो वर बोट दाखवू लागला.

माई तरी त्याला दटावतील म्हणून बघितलं, तर त्या पाठ फिरवून चालू लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या एका खडकासमोर गेल्या आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, हयसरच्या राखणदारा, तुका आमची भाषा कळता की नाय, माका ठावक नाय."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

"आमका तुजा सोना नको."

"व्हय म्हाराजा."

"आनि माजो झील हयसूनच पाठी फिरतलो."

"व्हय म्हाराजा!" झील, म्हणजे मुलगा, तो स्वतःच आहे हे ध्यानात यायच्या आत सवयीनं मंगेश म्हणून गेला. मग आईकडे बघतच राहिला. "गे आये, ह्या बरा नाय हां!"

"माका काय सांगतंस? तेका सांग." माईंनी खडकाकडे बोट दाखवलं.

मंगेश मुकाट्यानं उतरला. वेळेत फिरलात म्हणून वाचलात, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

पुढे गावी परतल्यावर माईंनी अंथरूण धरलं. पावसाळा सरत आला, गणेशचतुर्थी जवळ आली तसा मंगेशचा धीर सुटला. देवापुढे उभं राहून त्यानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माजी आवस चवथीक आमच्यात आसतली."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. माईंचे ओठ हलले नाहीत. मी वाकून म्हटलं, "माई, म्हणा ना."

"नको गो," त्या म्हणाल्या, "पाळूक जमाचो नाय तो शब्द कसो देऊ?"