जाळ बराबर होता का?

एम.एस्सी.ला असताना सरांनी मला वाफेच्या उष्णतेवरचा एक फार जुना इंग्रजी लेख वर्गात समजावून सांगायला दिला. एकेक वाक्य अर्धं पान लांब. कर्त्यापासून निघालं की क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर माणूस दमायचा. मी आपल्या सवयीप्रमाणे महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या, तेवढ्या पाठ केल्या, बाकीचं सोडून दिलं. आमच्याकडे शाळेपासून अभ्यास असाच होतो.

वर्गात सरांनी एकच प्रश्न विचारला, "हा लेख लिहिणाऱ्याने तर नुसता वेळ मोजला. मग उष्णता किती लागली हे कसं कळलं?"

मी रेघा मारलेल्या ओळी पुन्हा चाळल्या. त्यांत ते नव्हतं.

"सोमवारी पुन्हा सांगा. नाही जमलं तर दुसऱ्याला देऊ."

मला रडूच आलं. सोमवारीही फजिती झाली तर शिक्षण बास, सरळ घरी, असं मी ठरवून टाकलं.

शनिवारी हिंगोलीहून वसमतजवळच्या आमच्या गावी गेले. हळद शिजवणं चालू होतं. बाबा हळकुंडात काडी टोचून शिजलं का ते पाहत होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "काहून सुकलीस माय? त्यात लिवलंय तरी काय?"

"एकानं भांड्यात पाणी ठेवलं. उकळायला किती वेळ लागला अन् सगळं आटायला किती, ते मोजलं."

"जाळ बराबर ठेवला व्हता का?"

"काय की."

"काय की काय? जाळ कमीजास्त झाला तर वेळ मोजून काय फायदा? बघ, लिवलं असंल."

चिडूनच लेख उघडला. होतं. जाळ एकसारखा राहावा म्हणून घेतलेली काळजी, चांगलं पाऊण पान, आणि त्याखाली माझी एकही रेघ नव्हती. जाळ सारखा, म्हणजे दर मिनिटाला उष्णताही सारखी. म्हणूनच नुसता वेळ मोजून भागलं. मग अंधार पडेपर्यंत बाबा विचारत गेले, भांडं कशाचं, झाकण होतं का, आणि मी ओळ न् ओळ वाचत गेले.

सोमवारी तोच प्रश्न आला. मी लगेच उत्तर दिलं. सर खूश झाले.

"कुणी समजावलं?"

सगळा वर्ग बघत होता. मी म्हणाले, "कुणी नाही सर, मीच वाचलं."

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "पटला का तुझ्या सरायला त्याचा जाळ?"

"व्हय बाबा, पटला."

"शाबास लेकरा. तुझं तुलाच जमलं बघ."

त्या शाबासकीची मला अजून लाज वाटते.