चुंबकाचा ब्रेक आणि मागची सीट

सात वर्षं आमच्या घरातून दर बाजाराच्या दिवशी एक मिरवणूक निघायची. पुढे ऑटो, त्यात आई, आणि ऑटोच्या मागे मागे मोटरसायकलवर बाबा. ऑटो थांबला की बाबा थांबत, ऑटो निघाला की निघत. मोटरसायकलची मागची सीट रिकामी. बाजाराच्या गावी, बेल्याला पोहोचेपर्यंत हे असंच चालायचं. बायका आईला विचारत, "काऊन वो, भांडण झालं का?" आई सांगायची, "नाई, बंदोबस्त हाये."

याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर नाल्याकडे एक लांब उतार आहे. सात वर्षांपूर्वी पावसाच्या दिवसांत बाबा आईला मागे बसवून तिथून उतरत होते आणि आई पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट जरा वाकडंच राहिलं होतं. भाकरी थापताना ती अजूनही एकदा थांबून हात झटकते. "ब्रेक लागला नाई," असं बाबांनी स्वतःच गावभर सांगितलं, आणि त्या दिवसापासून आईला गाडीवर बसवणं सोडलं. गाडी मात्र सोडली नाही. दर दोन महिन्यांनी मेकॅनिककडून ब्रेक तपासून आणायचे आणि अंगणात उभं राहून जाहीर करायचे, "नवे ब्रेक टाकले आज!" आई आत डाळ निवडत असायची.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला मान्य आहे. पण सात वर्षं फुंकायचं? माझ्या नाकावर राग असतो, तो बाबांकडूनच आलेला. मी आदिलाबादच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, तेही तेलुगूत, आणि ब्रेकसारख्या साध्या गोष्टीला माझा बाप घाबरतो याची मला जरा लाजच वाटायची. आज हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा आमच्याकडे आले होते, आई बसनं आणि बाबा मागून मोटरसायकलवर. माझ्या मुलीनं आजीला मोबाइलवर रोलर कोस्टरचा व्हिडिओ दाखवला. आईनं तो चारदा बघितला आणि म्हणाली, "मले यात बसाचं हाये. पन हे संगं बसतीन तरच."

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "डोकं फिरलं का तुवं?"

स्वयंपाकघरात आईनं मला खरं ते सांगितलं. "एकदा का हे माह्या बाजूले बसले न् दोघंबी सुखरूप उतरलो, का मंग गाडीवर बसवतीन मले. सात वर्स झाले, बाई. नवरा मांगून येते अन मी ऑटोत लोकाईच्या मांडीवर."

हे ऐकल्यावर मी पदरच खोचला. बाबांना राजी करायचं काम माझं. बाहेर जाऊन विषय काढला तर त्यांनी एकच अट घातली. "आधी ब्रेक दाखव. दाबते कोन?"

"कोणीच नाई, बाबा. चुंबकाचा ब्रेक असते."

"चुंबक लोखंडाले चिकटते. धावत्या गाडीले चिकटलं तर मानसं उडतीन न."

प्रश्न बरोबर होता. माझ्या वर्गातली पोरंही पहिल्यांदा हेच विचारतात. मी एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीचा हातभर तुकडा आणला आणि शाळेच्या कपाटातलं बोटाच्या पेराएवढं जोरदार चुंबक. आधी चुंबक नळीला लावून दाखवलं. चिकटलं नाही. मग नळी उभी धरून बाबांना वरून सोयाबीनचा दाणा टाकायला सांगितला. दाणा टपकन खाली. मग चुंबक टाकलं. ते नळीच्या भिंतीला धड न टेकता, सावकाश, खाली आलं. बाबांनी पुन्हा टाकलं. पुन्हा टाकलं. नळीत डोळा घालून बघितलं. "आत कोन बसलं हाये?"

मी सांगितलं की आत कुणी नाही. चुंबक तांब्याजवळून सरकलं की तांब्यात विजेचे भोवरे उठतात, पैनगंगेत पाण्याचे उठतात तसे. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते येणाऱ्या चुंबकाला उलटं ढकलतं. रोलर कोस्टरमध्ये हेच मोठं करून ठेवलेलं असतं. रुळाच्या शेवटच्या तुकड्यात चुंबकांच्या दोन रांगा, मधे बोटभर फट. गाडीच्या पोटाखाली तांब्याची नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी. ती पट्टी त्या फटीतून जाते, कशालाही न घासता, आणि गाडीचा सगळा माज त्या पट्टीत ऊब होऊन जिरतो. गाडी जितकी जोरात येते, तितकी ती जोरात धरली जाते.

"करंट गेला तर?"

"गेला तर जाऊ द्या. चुंबकाले करंट लागतच नाई."

बाबांच्या भुवया वर गेल्या. वादळ आलं की रात्र रात्र विजेची वाट बघणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. पण ते म्हणाले, "जरा मोठ्यानं सांग. पुन्हा एकदा." मला वाटलं, म्हातारपणानं कान गेले. मी पुन्हा सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं, खणखणीत.

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "पन थे चुंबक नळीत थांबलं काऊन नाई? नुसतं हळू झालं."

पंधरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला दोनदाच ऐकू आलाय. मी आईला सांगितलं की थांबायला आलेल्या गाडीला हा ब्रेक धरू शकत नाही. भोवरे वेगामुळे उठतात, वेग संपला की भोवरेही संपले. म्हणून अगदी शेवटी, फलाटापाशी, घासून थांबवणारा दुसरा ब्रेक असतो. तोवर चुंबकानं वेग मारलेला असतो, त्यामुळे त्याला फारसं काम उरत नाही.

"म्हंजे तोवर नुसतं बसून राहाचं," आई म्हणाली.

"हो. नुसतं बसून राहाचं."

मग आम्ही सगळे हैदराबादला गेलो. तिथल्या रोलर कोस्टरच्या पार्कात बाबा आधी कठड्याला टेकून चार गाड्या येताना-जाताना बघत उभे राहिले. मग यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईला त्यांनी आपल्या सीमेवरच्या तेलुगूत, ब्रेक कोण दाबतं ते खोदून खोदून विचारलं. ती हसली, दोन्ही हात वर करून म्हणाली, "आम्ही काही दाबत नाही, तात्या, ते आपोआपच होतं." बाबांनी मागे वळून आईला हाक मारली, "ऐकलं का? आपोआप होते म्हनते!" मग दोघं शेजारी शेजारी बसले. पोटावर दांडा आला. आईनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी हात हलवला, पण गाडी सुटली होती.

मी खाली उभी राहून शेवटच्या सरळ तुकड्याकडे बघत राहिले. बाकी गाडी कुठं उलटते, कुठं किंचाळते, त्यात मला रस नव्हता. ती आली भन्नाट, आणि त्या चुंबकांच्या रांगांत शिरताच आवाज न करता मवाळ झाली. इतक्या वर्षांत फळ्यावर कितीदा काढलेली आकृती, तिच्यात माझे आईबाबा बसलेले पाहून मला भरून आलं. आईचं वाकडं मनगट दांड्यावर होतं आणि त्यावर बाबांचा हात.

उतरल्यावर आई बाकावर बसली आणि रडायला लागली. मी घाबरले. पाणी दिलं. ती पाणी न पिता बाबांकडे बघत म्हणाली, "त्या दिवशीबी लागला होता ब्रेक."

बाबा तिच्याजवळ बाकावर टेकले.

"गाडी हळू होऊन राह्यली होती. मले दम निंघाला नाई. मी पडली नाई जी, मी उडी मारली. आता बी मारली असती, पन हा दांडा होता पोटावर. म्हनून बसून राह्यली. तवा समजलं, बसून राह्यलं तर थे थांबते." तिनं डोळे पुसले. "सात वर्स दोष तुमच्यावर राहू देला मी."

बाबांनी तिच्या हातातला ग्लास घेतला, स्वतःच दोन घोट प्याले. "मले ठाऊक हाये. गाडी आधी हलकी झाली, मंग थांबली."

माझा पारा चढला. "ठाऊक होतं? मंग ब्रेक लागला नाई असं गावभर काऊन सांगितलं?"

"मंग काय सांगू? माही बायको भिऊन उडी मारते? जन्मभर चिडवलं असतं लोकाईनं तिले."

"अन मांग बसवलं काऊन नाई?"

समोरून आणखी एक गाडी किंचाळत गेली. "जिले माह्या हाताचा भरोसा नाई," ते म्हणाले, "तिले बस कसं म्हनू?"

मग मला कळलं की अंगणातले ते नवे ब्रेक कुणाला ऐकवण्यासाठी होते, आणि ती "जरा मोठ्यानं सांग"ची फर्माईश कुणाच्या कानांसाठी होती. कान बाबांचे गेले नव्हते. डोळे माझे गेले होते. घाबरट समजून ज्या माणसाला मी चुंबक शिकवायला बसले, तो माणूस सात वर्षं बायकोची अब्रू झाकून आतल्या आत दुखावला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आई म्हणाली, "तुमच्या हाताचा होता जी भरोसा. माह्या जिवाचा नव्हता."

रात्रीच्या बसनं आम्ही परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदिलाबादेत, माझ्या दारापुढे बाबांनी मोटरसायकल बाहेर काढली. आईनं पिशवी खांद्याला अडकवली, पदर खोचला आणि मागे बसली. मी मात्र दीड तास कपडे वाळत घालायचं सोडून फोन हातात धरून बसले. मला तो नाल्याचा उतार दिसत होता.

फोन आला तो आईचा. धाप लागलेली.

"पोचलो वो. उताराले डोये मिटून घेतले मी," ती म्हणाली. "पन बसून राह्यली."