निम्मी झाडं

आमच्या वरकुट्याच्या डाळिंबाच्या बागेत यंदा प्रत्येक झाड उजवीकडून न्हाव्याकडं जाऊन आल्यासारखं आणि डावीकडून जटाधारी साधूसारखं दिसत होतं. छाटणी थोरल्या दादांची. त्यांना मेंदूचा झटका आला होता; बारामतीच्या दवाखान्यातून घरी येऊन महिना झाला होता. चालत होते, बोलत होते, मला शिव्या देत होते. म्हणजे बरे झाले, असं आम्ही धरून चाललो.

ती झाडं बघून मी पेटलो. कारण आजारपणाच्या आधीच मी वाटणीचा विषय काढला होता. "सगळं निम्मं निम्मं करू," हे माझेच शब्द. दादांनी टोमणा म्हणून झाडंसुद्धा निम्मी करून दाखवली, असं मी ठरवून टाकलं. झटका त्यांना आला होता, डोकं माझं बंद पडलं होतं.

मग मीही खोडांना गेरू लावताना फक्त डावी बाजू रंगवली. दोन दिवस कंबर मोडून हा शहाणपणा केला. दादा आले, रांगेवरून नजर फिरवली.

"गेरू कुठं लावलाय? दोन दिस झोपला हुतास व्हय?"

"दादा, डोळ्यांम्होरं हाय की!"

"दाव, कुठं हाय!"

मी तणतणत घरी आलो. बसवेना, उभं राहवेना. जेवायला शेजारी बसलो, पण तोंडं फिरवून. दादांनी भाकरी-भाजी संपवली आणि वहिनींवर ओरडले, "चटणी संपली व्हय घरातली?"

चटणी ताटात डावीकडं तशीच होती. वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यातनं आल्यापास्नं असंच चाललंय ह्यांचं," आणि त्यांनी सवयीनं ताट अर्धं फिरवलं.

"आत्ता वाढली बघा!" दादा खूश.

माझा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दादांना घेऊन बारामती गाठली. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. पण मेंदूला इजा झाल्यानं त्यांचं डावीकडं लक्षच जात नाही. डावी बाजू असते, हेच त्यांना जाणवत नाही. सुधारेल, किती ते सांगता येत नाही. एकटं सोडू नका."

"मला कायबी झालं न्हाय," दादा म्हणाले. "ह्याला तपासा. कोरी खोडं रंगवली म्हनतोय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. एकच बाजू का रंगवली, याचं खरं कारण सांगितलं असतं, तर मलाही दाखल करून घेतलं असतं.

तेव्हापासून मोटरसायकलची चावी माझ्या खिशात असते आणि दादा ती घरभर शोधतात. मी एका जागी बसूच शकत नाही. ते बागेत निघाले की कात्री घेऊन मागं. ते उजवीकडं बघत चालतात, मी उरलेली डावी बाजू छाटत.

काल त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुज्या वाटणीचं काय झालं रं?"

"झाली की. उजवं तुमचं, डावं माजं."

"बरं झालं," म्हणाले आणि चालत राहिले. रांग संपते तिथं शेततळं आहे, डाव्या हाताला. मी दोन पावलं भरभर टाकली आणि त्यांच्या आणि पाण्याच्या मधे जाऊन उभा राहिलो.