स्टेशनाकडे तोंड करून

ज्या दिवशी माझे पती गेले, त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये दक्षिण कुठे आहे ते कोणाला सांगता येईना. त्यांचं डोकं दक्षिणेला करून त्यांना खाली ठेवायचं होतं. दीर टीव्हीकडे बोट दाखवत होते, खालच्या मजल्यावरचे काका दाराकडे. आचोळ्यातल्या याच घरात माझा सगळा संसार झाला, पण मलाही ते माहीत नव्हतं.

समोरच्या ब्लॉकमधली मुलगी दारात उभी होती. ती तलाठी भरतीची तयारी करते. बुद्धिमत्ता चाचणीतले दिशांचे प्रश्न तिला बसून सुटत नाहीत. आमच्या गॅलरीत येऊन ती 'डावीकडे वळला, मग उजवीकडे वळला' असं पुटपुटत स्वतःच वळत राहते. तिथल्या खुर्चीत बसून माझे पती तिला चिडवायचे.

"अगं, परीक्षेत अशी उठलीस तर बाहेर काढतील."

"काका, मध्ये बोलू नका ना! माझी उत्तर दिशा हुकली."

त्या दिवशी ती चपला काढून आत आली. स्टेशन पश्चिमेला, म्हणून तिकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने डावा हात लांब केला.

"काकू, दक्षिण इकडे."

त्यांना नीट ठेवून होईपर्यंत तिने तो हात खाली घेतला नाही. मी त्यांच्याकडे न बघता त्या हाताकडेच बघत राहिले. मला रडूही आलं नाही.

तिची परीक्षा आता जवळ आली आहे. ती अजूनही गॅलरीत उभी राहून वळते. खुर्ची तिथेच आहे. तिला चिडवायला कोणी नाही.