पियानोच्या पोटातली खरखर

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही! हे आधी सांगते, मग बाकीचं. उल्हासनगरात शेठच्या फर्निचर कारखान्यात मी पॉलिश मारते. तिथे भुसा आणि किस्से रोज झाडले तरी रोज साचतात. त्यातले हे एकाच पियानोचे.

*

शेठनी दुरुस्त करून विकायला काहीतरी आणलं. ताडपत्री काढली तर काळं, तीन पायांचं, वळणदार धूड. मला वाटलं, डायनिंग टेबल. दुपारी डबा ठेवला त्यावर. गुरवकाका ओरडतच आले. हे अंबरनाथ पूर्वेचे. जन्मभर बाजाच्या पेट्या दुरुस्त केल्या, आता पियानोचे सूर लावतात.

"मावशी, ग्रँड पियानो आहे तो! परदेशी! श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला!"

"मग? श्रीमंत दिवाणखान्यात जेवत नाहीत?"

कारखान्यात मी सगळ्यांची मावशी. अक्कल मात्र चौथी पास.

*

महिनाभर घासून झाकणाचा आरसा केला. त्यात बघून टिकली सरळ करत होते, तेवढ्यात शेठ मागे.

"बाई, मेकअप पियानो का चल रहा है या आपका?"

"पियानोचा झाला, शेठ. मला अजून चार कोट लागतील!"

*

तारांखाली एक लाकडी फळी असते, साउंडबोर्ड. मला ती फिकी दिसली. ब्रश बुडवून निघाले. काकांनी हात धरला.

"तार नुसती थरथरते, मावशी. गाते ती ही फळी. जाड पॉलिश मारलंत तर गळा बसेल तिचा!"

मग डावीकडची एक पट्टी दाबली. आवाज माझ्या पोटात उतरला आणि मी श्वास सोडेपर्यंत तिथेच बसला. मी गप्प झाले. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तो पियानो घरी आण."

*

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. करवत, रंधा, ड्रिल, सगळं मांडलं. म्हटलं, सगळ्यांत मोठं हत्यार कोरडं कसं ठेवायचं? पॉलिशला डाग पडेल म्हणून कुंकवाचं बोट नाही लावलं, एवढं कळतं मला. झाकण उघडून फक्त अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. काका त्या दिवशी रजेवर होते.

*

दोन दिवसांनी पियानोच्या पोटात खरखर सुरू झाली! पॉलिशवाल्याचा कान लाकडाला चिकटलेला असतो, मला लगेच कळलं.

शेठ म्हणाले, "अरे बाई, वो पंखा है!"

पंखा बंद करायला लावला. काकांनी पट्टी दाबली, तर खरखर गायब! ते गेले आणि मी पट्टी दाबली की पुन्हा हजर. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच खरखरतेय.

मी भडकले. "काका, तार ढिली ठेवलीत तुम्ही! मान्य करा!"

काकांनी पुन्हा पट्टी दाबून पाहिली. रविवारी बदलापूरच्या म्युझिक टीचर मॅडम पियानो बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडला तर शेठ पियानोचं काम वाढवणार, नाहीतर काका कायमचे घरी. ते सगळ्यांनाच माहीत होतं. मलाही. तरी तोंड थांबेल तर ती मी कसली!

*

रविवारी मॅडम बसल्या आणि दोन्ही हातांनी जोरात वाजवायला लागल्या. सुंदर! मग मध्येच, खर्रर्र!

मॅडम थांबल्या. "आत काहीतरी आहे."

मी पदर खोचून पुढे. "मी बोंबलत होते ना! शेठ, हा हलगर्जीपणा कोणाचा ते शोधा आणि आजच्या आज हाकला त्याला!"

काकांनी स्टीलच्या पातळ पट्टीला फडकं गुंडाळलं, तारांखालून सरकवलं, हळूच ओढलं. तळहातावर काहीतरी घेऊन शेठसमोर धरलं. तांदळाचे सात दाणे. लालभडक.

मॅडमनी पुन्हा वाजवलं. सूर थेट पोटात उतरला.

"यही लूँगी," त्या शेठना म्हणाल्या.

शेठ माझ्याकडे बघत होते. "काका, किसको निकालना है, बोलो."

काकांनी चष्मा पुसला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मावशी म्हटलं नाही.

"मंदाकिनी काशिनाथ भोईर!"