स्कॉटलंडात माझ्या नावाचं ताट

ताईला स्कॉटलंडमधली मैत्रीण मिळाली ती कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडममुळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेनफ्रेंडची टूम होती. मॅडमनी परदेशी मुलींच्या पत्त्यांची यादी वर्गात फिरवली, आणि अमेरिका, जपान, जर्मनी बाकीच्या मुलींनी पळवल्यावर ताईच्या वाट्याला स्कॉटलंड उरलं. आम्ही नाशिकला दिंडोरी रोडवर दोन खोल्यांत राहायचो. वडील दिंडोरीला द्राक्षांच्या औषधांच्या दुकानात कामाला, आई घरी, ताई कॉलेजात आणि मी सातवीत. स्कॉटलंड इंग्लंडच्या डोक्यावर आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या मुलीच्या वडिलांचं एका लहानशा गावात जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. ती वर्षातून चार पत्रं लिहायची, ऋतूला एक. हिवाळ्याच्या पत्रात सूर्य नऊला उगवून साडेतीनला मावळायचा. वसंतात मेंढ्यांना कोकरं व्हायची आणि माळावर लांब वाकड्या चोचीचा एक पक्षी यायचा. तो ओरडला की कुणीतरी रडत चाललंय असं वाटतं, असं तिने लिहिलं होतं. उन्हाळ्यात अकरा वाजेपर्यंत उजेड, आणि सगळं गाव रासबेरी तोडायला. शरदात हीदरच्या झुडपांनी डोंगर जांभळे व्हायचे. घरात नको ते शिरू नये म्हणून तिच्या आजोबांनी दाराशी लाल फळांचं एक झाड लावलं होतं, त्याची फळंही शरदातच पिकायची. गावाबाहेर एक रिकामं माळरान होतं. तिथे शेकडो वर्षांपूर्वी लढाई झाली, मेलेल्यांना कुळाकुळाने एकत्र पुरलं आणि वर कुळाच्या नावाचा दगड ठेवला. शाळेतली मुलं तिथे सहलीला जायची म्हणे. आमची सहल सप्तशृंगीला जायची, ते मला एकदम फिकं वाटायला लागलं.

दर दिवाळीच्या सुमारास ती एक पुस्तक बोटीच्या टपालाने टाकायची. ते होळीला पोचायचं तेव्हा त्याला ओल्या गोणपाटाचा वास यायचा. त्यातल्या कवितांचे शब्द ताईच्या डिक्शनरीत सापडायचे नाहीत, म्हणून समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले असत. बहुतेक कविता म्हणजे गाण्यातल्या गोष्टी, आणि त्यांत मेलेली माणसं घरी परत येऊन चुलीशी बसायची. ताई मला त्या मुद्दाम दिवे गेल्यावर वाचून दाखवायची आणि मी किंचाळले की पोट धरून हसायची.

मी नववीत असताना श्रावणात ताई काविळीने गेली. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. त्यानंतर शरदाचं पत्र आलं, ते आईने न फोडता कपाटात ठेवून दिलं. मग हिवाळ्याचं आलं. ते मीच फोडलं. तिने विचारलं होतं, का लिहीत नाहीस, माझं काही चुकलं का.

आई म्हणाली, "लिही तिला."

मी दुपारभर डिक्शनरी घेऊन बसले. आमच्या घरात वाईट झालं, माझी बहीण काविळीने गेली, म्हणून लिहायला उशीर झाला. वाक्यं जेमतेम पाच, पण त्यांत माझा जीव गेला. आई तांदूळ निवडत होती. तिला मराठीत वाचून दाखवलं. तिने हात न थांबवता सांगितलं, "खाली ताईची सही कर."

"ताईची?"

"येका ठिकाणी तरी राहू दे तिला."

मी केली. ताईचं अक्षर मी तिच्याच हाताखाली गिरवलेलं, सही तर अशी यायची की तिलाही फरक कळला नसता. पाकीट पोस्टाच्या पेटीत पडल्याचा आवाज आला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोघी बहिणींपैकी एक पत्र लिहिते आहे आणि दुसरी गेली आहे. लिहिणारी ताई आहे. म्हणजे स्कॉटलंडात मेले ती मी.

आईला हे कळलं होतं का, हा प्रश्न त्या दिवसापासून मला कुरतडत राहिला. न कळता म्हणाली असेल तर मी सोडून द्यायला तयार होते. कळून म्हणाली असेल तर मी तिची कोण होते?

उत्तर आलं. चार पानं, आणि शाई जागोजाग अश्रूंनी पसरलेली. त्यात लिहिलं होतं की त्यांच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी मेलेली माणसं घरी येतात अशी जुनी समजूत आहे. हल्ली कुणी मानत नाही, पण तिची आजी मानायची. यंदापासून त्या संध्याकाळी ती माझ्यासाठी टेबलावर एक ताट मांडणार होती. मला कुणी चुकून परकं समजू नये म्हणून, ताईच्या जुन्या पत्रांतून ठाऊक झालेलं माझं नाव तीनदा घेणार होती. आईला वाचून दाखवताना मी हा सगळा भाग गाळला. पाऊस फार झाला म्हणते, असं काहीतरी सांगितलं.

पुढची दहा वर्षं मी ताई होऊन लिहीत राहिले. माझे दहावीचे गुण जपून ठेवले आणि वर्षभराने ताईच्या बीएला लावले. मी शाळेत नोकरीला लागले तशी पत्रात ताईही शिक्षिका झाली. पत्र लिहायच्या दिवशी आई मला ताईच्या कपात चहा द्यायची. एरवी त्या कपाला हात लावायची मला बंदी होती. पत्र वाचून संपलं की आई विचारायची, "मंग ताईनं काय लिवलं त्याच्यावर?" मी शेजारी बसलेली असायचे, बोटाला शाई लागलेली, आणि ती मलाच हे विचारायची. ताईचा मला हेवा वाटायचा. मेलेल्या बहिणीचा हेवा करणारी मुलगी किती वाईट असेल, या विचाराने मी रडायचेही, आणि पुढच्या पत्राला पुन्हा तेच.

आई सर्वपित्रीला गच्चीवर ताईचं पान वाढायची. महिनाभराने तिकडे माझं ताट मांडलं जायचं. त्यात ओटकेक असायचे, म्हणजे ओटच्या पिठाच्या जाड भाजलेल्या चकत्या. एका पत्रात तिने कृती पाठवली होती. त्या काळी नाशकात ओट कुठे मिळणार? आईने नागलीच्या पिठाच्या केल्या, लोणी घालून. चव बरी होती, पण मला घास गिळवेना. नोव्हेंबरच्या पहिल्या सकाळी मला भूकच नसायची. पोट गच्च भरलेलं असायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मग एका वर्षी तिने लिहिलं, यंदा तुझ्या बहिणीच्या ताटातल्या ओटकेकचा कोपरा खाल्लेला होता. बाबा म्हणतात उंदीर. मला वाटतं ती आली होती. मी तारीख आठवून पाहिली. त्या सकाळीही मी जेवले नव्हते.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी तिचं पत्र आलं की ती भारतात येते आहे, एक दिवस नाशिकलाही येईल. वडिलांनी या प्रकरणात कधी तोंड घातलं नव्हतं, तेव्हाही त्यांनी नुसता पेपर घडी करून ठेवला. मी आईला म्हटलं, निदान भिंतीवरचा ताईचा फोटो काढून ठेवू. तिच्याकडे ताईचा फोटो नव्हता, पाठवायचा राहूनच गेला होता, पण हाराचा फोटो दिसला की ती विचारणारच.

"कशाला काढायचा? धाकटीचा हाय म्हणून सांगू," आई म्हणाली. भाजी कोणती करायची ते सांगावं तसं.

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

जानेवारीत ती आली. दिंडोरीकडे द्राक्षांची तोड सुरू झाली होती आणि रस्त्यावर क्रेटनी भरलेल्या गाड्यांची रीघ होती. उंच, उन्हाने नाक सोललेली, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी बाई. तिने मला ताईच्या नावाने हाक मारली आणि घट्ट मिठी मारली. तिच्या स्वेटरला त्या पुस्तकांचाच वास येत होता. भिंतीवरचा फोटो धाकटीचा, असं मी सांगितलं, आणि ती त्याच्यासमोर गेली. पिशवीतून पत्र्याचा डबा काढून तिने फोटोखाली दोन ओटकेक ठेवले आणि माझं नाव घेतलं. तीनदा, हळू, ओळखीच्या माणसाला बोलवावं तसं. मी तिच्या मागे उभी होते.

फोटोकडे बघतच ती इंग्रजीत म्हणाली, "चौदा वर्षांची वाटत नाही. मोठी दिसते."

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"मोठी दिसते म्हणते."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "दिसणारच. सांग तिला, ही थोरली हाय माझी. धाकटी ही इथं उभी हाय." मग फोटोकडे न बघता, माझ्याकडेच बघत म्हणाली, "सही कर म्हणले तवा मला समजत होतं. दोघींतली येक जाणार होती. मी तुला जाऊ दिलं."

दहा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते हेच होतं, आणि ते ऐकून मला तिचा इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पाहुणी माझ्याकडे बघत होती. आई काय म्हणाली ते तिला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी ते बोलले असते तर मी जिवंत झाले असते, आणि जिथे ताई अजून पत्रं लिहीत होती, शाळेत शिकवत होती, तिथे ती त्याच क्षणी मेली असती.

मी इंग्रजीत म्हणाले, "आई म्हणते, ती वयाच्या मानाने मोठीच होती."

पाहुणीने मान डोलावली. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण समोरच्या बाईचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही, हे तिला दिसत होतं. मी काय केलं ते तिला कळलं. इतक्या वर्षांत तिने मला नुसतं 'अगं' म्हणून बोलावलं होतं. आता तिने मला हाक मारली, माझ्या नावाने, स्पष्ट.

ते नाव पाहुणीला ठाऊक होतं. तिने आधी फोटोकडे पाहिलं, आणि मग सावकाश माझ्याकडे वळली.

मी ओ दिली.