इथे कोणी नाही

ताईनं कुंकवाचा करंडा उंबऱ्यावर ठेवला अन् म्हनलं, "तूच लावून घे गं."

आतल्या बायाईले तिनं आपल्या हातानं लावलं होतं. हसत, चिडवत, नाव घ्याले लावत. माही पाळी आली अन् करंडा खाली आला. तिळगूळ वरून पडला. अर्धा ओंजळीत, अर्धा ओसरीच्या फरशीवर. "गोड बोल हं," ताई म्हने.

मी वाकून वेचला. मायचं ठेवनीतलं हिरवं लुगडं नेसून गेलती मी. येताना वस्तीत चार घरी सांगून आलती का ताईनं मले बोलावलं, आज संक्रातीले तिच्या घरी माही गोष्ट आहे.

"सासूबाई आत आहेत, तुला माहीत आहे ना," ताई हळूच म्हने. "मनाला लावून घेऊ नकोस. तू इथेच बस. खिडकी उघडी ठेवते, तुला सगळं ऐकू येईल."

ऐकू येईल? मी तं सांगाले आलती. आयकाले नाई.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता, तवाची ही गोष्ट. शिवाशिव कायद्यानं बंद झाली असं लोक भाषनात सांगून राह्यले होते. अन् ताई म्हनजे कोन? खादी नेसनारी, सूत कातनारी, जेलात जाऊन आलेली. पुलगावात आमच्या वस्तीत बायाईचा साक्षरतेचा वर्ग घेये. पह्यल्याच दिवशी म्हनलं होतं, "मला बाईसाहेब म्हणायचं नाही. ताई म्हणा. मी जात मानत नाही." आमी ताई म्हनलं. फुकटात ताई भेटली तं कोनाले वाईट वाटते बाप्पा!

मी सरकी काढाच्या जिनात कामाले होती. कापसाच्या मोसमात आमी बाया आवारात गोल करून बसो अन् कापसातली पत्ती, किडक्या बोंडाची कवडी वेचून काढो. हरेकीपुढं एक ढीग. भोंगा वाजाच्या आत ढीग साफ झाला पाह्यजे, नाई तं मुकादमाच्या शिव्या. पन आमच्या गोलात एक रीत होती. जी बाई गोष्ट सांगन, तिनं आपल्या ढिगाले हात नाई लावाचा. बाकीच्या तिचा कापूस ओंजळ-ओंजळ आपल्याकडं ओढून घेत. सांगनारीचे हात मोकळे पाह्यजेत, असं झिपरीकाकू म्हने. ही काकू आमच्यात सगळ्यात जुनी, तोंडाची फटकळ, पन पह्यली ओंजळ तिचीच राहे.

दुसरी रीत शेवटाची. शेवट सगळ्याईनं एकदमच आयकाचा. एकीले चोरून सांगतला तं ती बाकीच्याईशी बेइमानी.

त्या साली गोष्ट माही होती. शंभर वर्सानंतरचं पुलगाव. लोक विमानात बसून बाजाराले जातात. मशीन पोळ्या लाटते, मशीन पानी पाडते, मशीन पोट्टे निजवते. अन् देव बंद. सरकारनं सांगतलं का आता देवाचं काई काम उरलं नाई, देवळाईले कुलपं ठोका. पुजारी मशीनवर कामाले लागले. हरेक भिंतीत एक काचेचा डोळा. कोनी हात जोडले का डोळा लाल होये अन् शिपाई येऊन त्या मानसाले घेऊन जाये. अन् अशा गावात, बंद देवळात, रोज दिवेलागनीले घंटी वाजे. कुलूप तसंच. डोळा तसाच. मंग आत कोन?

गावाजवळच्या दारूगोळ्याच्या डेपोचं तारेचं कुंपन अन् त्यावरचे फौजी दिवे मी रोज पाहो. त्यातूनच सुचलं आसन.

बाया येड्या झाल्या. पानी प्याले उठत नोत्या. कोनी म्हने पुजारीच आसन, कोनी म्हने भूत. झिपरीकाकू तं खेकसे, "सांग व मेले, कोन वाजवते? नाई तं तुहा ढीग तुलेच देतो आता!" अन् म्हनता म्हनता ओंजळ ओढूनच घेये. त्या दोन महिन्यात मले वाटलं का मीही कोनीतरी आहो.

शेवट माह्या मायमधून आलता. माय रोहना गावची. लहानपनापासून देवळाचं आंगन झाडे. आंगनच. पायरी नाई. झाडून झालं का मागच्या भिंतीले डोकं टेकवे. देवाची पाठ तेवढी तिच्या वाट्याले. लग्न होऊन पुलगावले आली, जिनात राबली, छातीत कापूस बसला. खोकल्यानं बोलनं होत नोतं, तरी विचारे, "आत कसं असते व? अंधार असते का?" मले काय मालूम? म्हनून मी गोष्टीत तिले आत नेलं.

तं शेवट असा होता. पुजाऱ्यानं किल्ली उकिरड्यात फेकली, ती झाडताना झाडूवाल्या म्हातारीले सापडली. कुलूप लागल्यावर देवळाले राखन कोनाची? ती पह्यल्यांदा आत गेली. अन् डोळ्याले ती दिसेच ना. काऊन? तं देवळात जानाऱ्या सगळ्याईचे चेहरे मशीनले शिकवले होते. पुजाऱ्याचा, पंचाईचा, पोट्ट्यासोट्ट्याईचा. झाडूवालीचा कोनी शिकवलाच नाई. ती देवळात कधी गेलीच नोती. शेवटी एका पंचाचा नातू चुगली करते. शिपाई येतात. म्हातारी समोर उभी. नातू बोंबलते, "हे काय, हे पाहा ना!" शिपाई मशीनकडं पाह्यते. मशीन सांगते, "इथे कोणी नाही." मशीन खोटं बोलत नाई, असं शिपायाले शिकवलं आहे. तो चालला जाते. म्हातारी हात जोडते अन् घंटी वाजवते.

हा शेवट मी ताईले सांगतला. आधी. एकटीले.

वर्ग सुटला होता. ताई माह्याजवळ बसली. माहा हात हातात घेतला. "मला तरी सांग. मी कोणाला सांगणार नाही. ताईपासून काय लपवायचं?" रीत मोडून राह्यली हे मले मालूम होतं. पन तोपर्यंत तशा घरच्या कोन्या बाईनं माहा हात धरला नोता. सांगून टाकलं. ताईच्या डोळ्यात पानी आलं. मले वाटलं, हिले समजलं. शिकलेल्या मानसाच्या डोळ्यातलं पानी खरंच असते असं मले तवा वाटे.

अन् आता मी ओसरीवर बसली होती अन् आत ताई कागदावरून वाचून राह्यली होती. विमानं माही. मशीनी माह्या. घंटी माही. बाया श्वास धरून आयकत होत्या. मी खिडकीजवळ सरकली. शेवट आला अन् माहे कान भनानले.

ताईच्या गोष्टीत घंटी वाजवनारी पुजाऱ्याची विधवा होती. गोरीपान, उपासानं वाळलेली. अन् चुगली करनारी कोन? झाडूवाली. मशीनकडून बक्षीस भेटन म्हनून तिनं त्या देवमानसाले पकडून देल्लं.

आतून कोनीतरी म्हनलं, "बाई गं! त्यांची जातच तशी." मंग खिडकीकडं पाहून आवाज बारीक झाला. ताईनं तिले टोकलं नाई. हसली असावी. मी आयकलं ते एवढंच.

मी काऊन उठली नाई तवा? तोंडात तिळगूळ होता. बस. दुसरं कारन नाई.

झिपरीकाकू त्या दिवशी ताईचं मागचं आंगन झाडाले होती. तिनंही आयकलं. दुसऱ्या दिवशी मी जिनात गेली तं माह्या जाग्यावर माहा ढीग होता तसाच. सगळ्या खाली मुंडी घालून आपापला वेचून राह्यल्या होत्या.

"काय झालं काकू?"

"आपल्याच बाईले चुगलखोर केलं व तू?" काकू म्हने. "अन् तेही त्याईच्या घरी जाऊन आधी सांगतलं? तिळगुळासाठी?"

मी म्हनलं, तसा नाई शेवट. कोनी आयकेना. मी दिवसभर वेचला. भोंगा वाजला तरी ढीग उरला. मुकादमानं शिव्या देल्ल्या त्या लागल्या नाई. त्या बायाईचं गप बसनं लागलं. ताईनं माही गोष्ट नेली एवढंच असतं तं मी रडून मोकळी झाली असती. तिनं माह्या बायाईतून मलेच उठवलं होतं.

पुढच्या इतवारी दुपारी ताई वर्गाले आली. खुश होती. म्हने, गोष्ट एका मासिकात छापून येनार आहे, आज तुमाले वाचून दाखवतो. अन् माह्याकडं हात करून म्हने, "कल्पना थोडी आपल्या हिचीसुद्धा आहे बरं का." थोडी! बाया बसल्या होत्या. झिपरीकाकूही होती. ताई वाचत गेली. पुजाऱ्याची विधवा आली, झाडूवाली दबकत दबकत आली, अन् मी उठून उभी झाली.

"बंद करा ताई. असं नाई झालं ते."

"अगं, बस. शेवट तर ऐक."

"शेवट माहा आहे. मी सांगतो."

अन् सांगतला. उकिरड्यातली किल्ली, डोळ्याले न दिसनारी म्हातारी, मशीनचा निकाल, सगळं. आवाज नाई थरथरला. काकूनं पदर तोंडाले लावला.

ताईनं कागद मांडीवर ठेवले. समजावाच्या आवाजात म्हने, "तुझा शेवट मला आवडला होता गं. खरंच. पण वाचणाऱ्यांना पटायला हवं ना? गाभाऱ्यात झाडूवाली... लोकांना ते खरं वाटणार नाही."

"विमानात बसून बाजाराले जातात ते खरं वाटते?"

"ती कल्पना आहे."

"मशीन पानी पाडते ते पटते. भिंतीले डोळे ते पटते. अन् माही माय देवाजवळ गेली तेवढंच पटत नाई?"

ताईचा चेहरा उतरला. "तू माझा अपमान करते आहेस. मी तुम्हा लोकांसाठी काय नाही केलं? तुला घरी बोलावलं मी."

"ओसरीवर."

"त्या सासूबाई..."

"सासूबाईनं लिवलं काय हे? चुगली आमच्या बाईनं केली म्हनून तुमीच लिवलं ना? मंग आता सगळ्याईसमोर सांगा ताई. मी तुमाले विश्वासानं सांगतलं होतं. गुपित कोनी फोडलं?"

ताईनं कागद गोळा केले. "यापुढे या मुलीला वर्गात बसवायचं नाही," म्हने. जसा वर्ग म्हनजे तिच्या घरची ओसरी. मी म्हनलं, "बसाले येनारच नाई." अन् निघाली. आता तुमाले वाटन सगळ्या बाया माह्या मागं उठल्या. नाई. दोघी उठल्या. बाकीच्या बसून राह्यल्या. ताईच्या शब्दानं कोनाचा नवरा मिलात लागला होता, कोनाचा पोट्टा शाळेत. मले राग आला त्याईचा. अजूनही आहे.

झिपरीकाकू त्या दोघीत होती. वळनावर थांबली अन् म्हने, "शेवट चांगला होता. पन तिले आधी सांगतला, आमाले नाई. हे खरं नं?"

"हाव."

"मंग थोडे दिवस आपला ढीग आपन वेच."

बरोबर होतं तिचं. बरोबर होतं म्हनून जास्त लागलं.

घरी आली. मायले सगळं सांगतलं. तिची देवळाची ओढ होती, तिले शेवट तरी खरा कळला पाह्यजे म्हनून तोही सांगतला. मले वाटलं माय खुश होईन. देवळात गेली ना ती! मायनं आयकलं. लय वेळ खोकलली. मंग विचारलं, "शंभर वर्सानंतर?"

"हाव माय."

"विमानं, मशीनी, सगळं झालं?"

"हाव."

"अन् माह्या हाती झाडूच?"

तोंडात मारल्यावानी झालं. ताईनं लुटलं त्याचा राग होता, पन हे लुटनं त्याच्याही आधीचं होतं. शंभर वर्सं मी एकटीनं पुढं ढकलली, चंद्रावर मानूस नेला असता मी, पन मायच्या हातातला झाडू खाली ठेवाचं मले सुचलं नाई. कोनीतरी हे माह्या डोक्यात पेरून ठेवलं होतं अन् मी त्यालेच पानी घालून राह्यली होती. मशीनले दिसत नाई म्हनून देव भेटला, यात मी धन्यता मानली. दिसल्यावर काय? समोरासमोर, उजेडात, आपल्या नावानं?

पुढं वस्तीनं बौद्ध धम्म घेतला अन् घरातले देव वर्धा नदीत सोडले, तवा मायनं आपला देव्हारा आपल्याच हातानं उचलून देल्ला. पन ते मंगचं.

दुसऱ्या दिवशी जिनात मी माहा ढीग पुढं ओढला. कोनी ओंजळ घेतली नाई. मी मागतलीही नाई. पत्ती वेचता वेचता बोलाले लागली. शंभर वर्सानंतरचं पुलगाव. मशीनघराची मालकीन एक बाई. आपल्यातली. गावातला हरेक डोळा तिच्या हुकमानं उघडते, तिच्या हुकमानं मिटते. पंचाचा नातू तिच्या दारात येते अन् म्हनते, देऊळ उघडू द्या.

मुकादम मागं उभा होता. फिसकन हासला. "काहीबी काय सांगतं व? तुमच्यातली बाई अन् मालकीन? पटत नाई बाप्पा."

मी हात थांबवला नाई. वर पाह्यलं अन् म्हनलं, "पटाची वाट पाहून नाई राह्यली मी. ही बाई झाडू हातात घेनार नाई. तुमी हासले तरी नाई, कोनी माहा हात धरून गोड बोललं तरी नाई. आयकाचं तं आयका, नाई तं पुढं चाला."

अन् पुढची ओळ सांगतली.